यंत्राच्या घरचें ग्रंथालय

केंब्रिज विद्यापीठाच्या गणित-प्रयोगशाळेंत १९४९ नंतर एक पोलादी कपाट ठेवलेलें असे. त्याच्या खणांत पुस्तकें नव्हतीं. अरुंद कागदी फितींचीं भेंडोळीं होतीं, आणि त्या फितींवर ओळीनें बारीक भोकें पाडलेलीं होतीं. डोळ्यांना वाचण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. तरीहि प्रयोगशाळेंतील मंडळी त्या कपाटाला ‘लायब्ररी’ म्हणत, आणि तें नांव थट्टेनें दिलेलें नव्हतें. ज्यानें त्यानें आपलें अडलेलें काम घेऊन यावें, खणांतून हवी ती फीत काढावी, तिचा उपयोग करून घ्यावा व ती जागच्या जागीं परत ठेवावी, असा तेथील रिवाज होता. आज बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खातीं यांच्या ‘मेनफ्रेम’ नांवाच्या प्रचंड संगणकांत रात्रभर हिशेबाचीं जीं कामें चालतात, तीं ज्या सामायिक ग्रंथालयांच्या आधारावर चालतात, त्यांचा वंश या पोलादी कपाटाशीं जाऊन पोंचतो. फरक एवढाच कीं, त्या वेळीं माणूस उठून कपाटाकडे जाई. आतां काम चालूं असतां यंत्र स्वतःच जातें. हा फरक दिसतो लहान, परंतु तो पडण्यास पंधरा-वीस वर्षें लागलीं, आणि त्यापायीं जे प्रश्न उद्भवले त्यांतील कित्येक अद्यापि पुरते मिटलेले नाहींत.

केंब्रिजच्या त्या यंत्राचें नांव एडसॅक. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं तें बांधलें गेलें, आणि ६ मे १९४९ रोजीं त्यानें शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापून दाखविले. सुमारें ३,००० व्हॉल्व्ह, आणि स्मरणासाठीं पाऱ्यानें भरलेल्या लांब नळ्या, असा त्याचा थाट होता. यंत्राला काय करावयाचें तें एकेका आज्ञेनें सांगावें लागे: ही संख्या घे, तींत ती मिळव, उत्तर अमक्या घरांत ठेव. अशा आज्ञांची जी क्रमवार मालिका, तिला आज्ञावली किंवा रूढ शब्दांत प्रोग्रॅम म्हणतात. यंत्र या मालिकेबाहेर तसूभरहि जात नाहीं. आणि मालिकेंतच चूक असली, तर ती चूकहि तें तितक्याच इमानानें पार पाडतें. यंत्राची खोली आणि फिती भोकण्याचें सामान यांच्यामध्यें एक जिना होता. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव त्या जिन्यावर एके दिवशीं आपणांस झाली, असें विल्क्स यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. यंत्र चालूं झाल्यावर थोड्याच दिवसांतली ही गोष्ट आहे. त्यापूर्वीं कोणाला याची कल्पनाहि नव्हती.

यावर उपाय एकच सुचण्यासारखा होता. वर्गमूळ काढणें, कोनाची ज्या काढणें, उत्तर नीट रकान्यांत छापणें, हीं कामें प्रत्येकाच्याच गणितांत येतात. तीं एकदां कोणी तरी बिनचूक लिहावीं, तपासून घ्यावीं, आणि मग पुन्हां कोणींहि लिहूं नयेत. या छोट्या आज्ञावलींचें ग्रंथालय उभारण्याच्या कामांत विल्क्स यांचे विद्यार्थी डेव्हिड व्हीलर यांचा वाटा फार मोठा होता. १९५१ सालीं विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनीं याविषयीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें आज्ञावली-लेखनावरचें पहिलें पाठ्यपुस्तक मानलें जातें. तोंपर्यंत कपाटांतील फितींची संख्या ऐंशींच्या पलीकडे गेली होती. वापरणारा मनुष्य हवी ती फीत काढून नकल करणाऱ्या यंत्रांत घाली, आणि तिच्या भोकांची नकल त्याच्या स्वतःच्या फितीवर उतरे. हातानें उतरून घेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून उतरण्यांतील चूकहि नव्हती.

आतां येथें एक अडचण होती, व तीं कीर्तनाला बसलेल्या कोणालाहि सहज उमजेल. हरदास मूळ पद सोडून दृष्टांत सांगूं लागतो, दृष्टांत संपला कीं पुन्हां पदावर येतो. दृष्टांत तोच असला तरी तो पहिल्या चरणानंतर सांगितला तर परत पहिल्या चरणापाशीं यावयाचें, तिसऱ्यानंतर सांगितला तर तिसऱ्यापाशीं. हरदासाला हें लक्षांत ठेवण्यास सांगावें लागत नाहीं. यंत्राला सांगावें लागतें. वर्गमूळ काढणारी आज्ञावली एकाच कामांत दहा ठिकाणांहून बोलावली गेली, तर तिनें परत कोठें जावयाचें? व्हीलर यांनीं काढलेली युक्ति मोठी नामी होती. बोलावणारानें जातांना स्वतःचें ठिकाण बरोबर द्यावें. छोट्या आज्ञावलीनें आरंभींच त्यावरून परतीची आज्ञा तयार करावी, आणि ती आपल्याच शेवटच्या घरांत लिहून ठेवावी. काम संपलें कीं ती आज्ञा आपोआप गांठली जाते व यंत्र बिनचूक मूळ पदावर येतें. म्हणजे त्या छोट्या आज्ञावलीनें प्रत्येक खेपेस आपल्याच पानावर आपल्याच हातानें एक टीप लिहावयाची. ही टीप लिहिण्याची गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें हीच युक्ति अडचणीची ठरली.

त्याच सुमारास अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषी त्याच वाटेवर आल्या होत्या. हार्वर्डच्या मार्क-१ यंत्रावर १९४४ पासून त्यांनीं काम केलें होतें. तेथें ग्रंथालय होतें तें सहकाऱ्यांच्या वह्यांत. एकानें लिहिलेला बिनचूक तुकडा दुसऱ्यानें आपल्या वहींत उतरून घ्यावयाचा, आणि तो आपल्या कामांत ज्या घरापासून सुरू होणार, तितके आंकडे त्यांतील प्रत्येक पत्त्यांत मिळवावयाचे. हॉपर बाईंच्या अनुभवास असें आलें कीं, गणितांत पारंगत असलेलीं हीं माणसें दोन गोष्टींत हटकून चुकत: उतरून घेण्यांत आणि बेरीज करण्यांत. युनिव्हॅक यंत्रासाठीं त्यांनीं १९५२ च्या सुमारास जी ए-० नांवाची योजना पुरी केली, तींत हीं दोन्ही कामें यंत्रावर सोंपविलीं. छोट्या आज्ञावली चुंबकीय फितीवर असत, प्रत्येकीला क्रमांक असे; माणसानें फक्त क्रमांक लिहावे, आणि शोधणें, उतरणें व पत्ते जुळविणें हें यंत्रानें करावें. पुढें १९५५ सालीं आय.बी.एम. ७०४ हें यंत्र घेणाऱ्या ग्राहकांनीं लॉस एंजलिस येथें ‘शेअर’ नांवाचा संघ स्थापिला व आपापल्या आज्ञावली एकमेकांना देण्यास आरंभ केला. एरवीं हाडवैरी असलेल्या विमान-कंपन्या त्यांत होत्या. हिशेबाचा कंटाळा मात्र सर्वांचा सारखा होता.

तथापि या सर्व योजनांत एक गोष्ट समान राहिली. ग्रंथालय सामायिक, पण नकल ज्याची त्याची. काम सुरू होण्यापूर्वीं हवे ते तुकडे उतरून आपल्या आज्ञावलींत चिकटवून घ्यावयाचे, आणि एकदां चिकटले कीं मूळ फितीशीं त्यांचा संबंध संपला. मूळ फितींत पुढें कोणी चूक काढून दुरुस्ती केली, तरी वाटलेल्या शेंकडों नकलांना त्याची खबर नाहीं.

७ एप्रिल १९६४ रोजीं आय.बी.एम. कंपनीनें सिस्टिम/३६० हें यंत्रांचें अख्खें घराणेंच जाहीर केलें, आणि त्यासाठीं ओएस/३६० ही नियंत्रक आज्ञावली १९६६ सालापासून ग्राहकांच्या हातीं पडूं लागली. या कामावर फ्रेडरिक ब्रुक्स हे मुख्य होते. ओएस/३६० ला उशीर झाला, खर्च अफाट झाला, आणि त्या दुःखांतून ब्रुक्स यांचें १९७५ चें प्रसिद्ध पुस्तक निघालें, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्या धांदलींत ग्रंथालयाच्या बाबतींत जो फरक झाला, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाहीं.

त्या काळीं काम ‘बॅच’ पद्धतीनें चाले, म्हणजे गठ्ठ्यानें. यंत्रासमोर बसून कोणी प्रश्नोत्तरें करीत नसे. ऐंशीं रकान्यांच्या भोकपट्ट्यांचा, म्हणजे कार्डांचा, गठ्ठा खिडकींतून आंत द्यावयाचा. आंतला मनुष्य तो रांगेंत लावी. रात्रीं केव्हां तरी काम होई, आणि सकाळीं छापील कागद हातीं येई. गठ्ठ्याच्या आरंभीं दोन तिरक्या रेघांनीं सुरू होणारीं कांहीं कार्डें असत. कोणती आज्ञावली चालवावयाची, कोणत्या फायली द्यावयाच्या, हें त्यांवर लिहिलेलें असे. या कार्डांच्या भाषेला जेसीएल म्हणतात, आणि इतकी वाईट भाषा कोणीं कधीं निर्माण केली नसेल, असा शेरा ब्रुक्स यांनीं पुढें स्वतःच मारला. ती त्यांच्याच देखरेखीखालीं झाली होती, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. तरी ती भाषा आजहि रात्रंदिवस चालूं आहे.

ओएस/३६० मध्यें तुकडे जोडण्याचें काम ‘लिंकेज एडिटर’ नांवाची आज्ञावली करी, आणि जोडून तयार झालेल्या वस्तूला ‘लोड मॉड्यूल’ म्हणत. हीं मॉड्यूलें एका खास प्रकारच्या फायलींत ठेवलीं जात. तिच्या आरंभीं अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेंत प्रत्येकाचें नांव, तें आठ अक्षरांहून मोठें नाहीं. आणि नांवासमोर त्याची जागा. केंब्रिजचें कपाट डिस्कवर आलें तें असें. येथपर्यंत नवें कांहीं नव्हतें. नवें हें कीं, चालत्या आज्ञावलीनें अर्ध्या वाटेंत थांबून नियंत्रकाला सांगावें: अमक्या नांवाचें मॉड्यूल आणून दे. नियंत्रक कपाटें धुंडाळी, मॉड्यूल स्मृतींत आणून ठेवी आणि त्याचा पत्ता बोलावणाराच्या हातीं देई. ‘लोड’ म्हटलें तर नुसतें आणून ठेवी. ‘लिंक’ म्हटलें तर आणून, त्याच्याकडून काम करवून, मूळ पदावर परत आणी. नकल चिकटविण्याची गरज उरली नाहीं. आज्ञावलीच्या पोटांत आतां मॉड्यूल नसे; त्याचें केवळ नांव असे.

नांवावरून वस्तु आणावयाची म्हटली कीं, कोठें शोधावी आणि कोणत्या क्रमानें, हा प्रश्न येतो. या क्रमाला मेनफ्रेमच्या जगांत कायद्याइतकें महत्त्व आहे. याच कामानें तें मॉड्यूल आधींच आणलेलें असलें व वापरण्याजोगें असलें, तर तेंच द्यावें. नसल्यास कामाच्या त्या टप्प्यासाठीं ‘स्टेपलिब’ नांवाच्या कार्डावर जीं ग्रंथालयें लिहिलीं असतील, त्यांत त्याच क्रमानें पाहावें. तें कार्ड नसेल तर सबंध कामाच्या ‘जॉबलिब’ कार्डावरचीं पाहावीं. तेथेंहि न सांपडल्यास यंत्रावरील सर्व कामांसाठीं स्मृतींतच मांडून ठेवलेल्या सामायिक विभागांत, आणि सर्वांत शेवटीं सबंध यंत्राच्या सार्वजनिक यादींतील ग्रंथालयांत. घरांतली वस्तु घरीं शोधावी, मग शेजारीं, मग गांवांत, असाच हा प्रकार आहे. कोठेंच न सांपडली तर काम तेथल्या तेथें मोडतें आणि कागदावर ८०६ हा आंकडा उमटतो. मेनफ्रेमवर उमेदवारी करणाऱ्या मनुष्यास जे कांहीं आंकडे प्रथम पाठ होतात, त्यांत हा असतोच. पुष्कळदां कारण क्षुल्लक निघतें: एक कार्ड राहून गेलेलें असतें, किंवा नांवांत शून्याच्या जागीं ‘ओ’ पडलेला असतो.

स्मृतींत मांडून ठेवलेल्या ज्या सामायिक विभागाचा वर उल्लेख आला, त्याला लिंक पॅक एरिया म्हणतात. वाचनालयांत मेजावर ठेवलेल्या कोशांसारखीं मॉड्यूलें तेथें कायम उघडीं असतात. पन्नास कामें एकाच वेळीं चालूं असलीं तरी प्रत सर्वांत मिळून एकच. स्मृति त्या काळीं सोन्याच्या मोलाची होती. सिस्टिम/३६० च्या तीस क्रमांकाच्या लहान यंत्राची स्मृति फार तर ६४ हजार अक्षरांची. तींत तीच आज्ञावली दोनदां ठेवणें म्हणजे उधळपट्टीच.

येथेंच व्हीलर यांच्या युक्तीचा अडथळा आला. जी आज्ञावली परतीची टीप आपल्याच पानावर लिहिते, ती एका वेळीं एकानेंच वापरावयाची वस्तु आहे. पहिल्या कामानें तिला बोलावलें, टीप लिहिली गेली. काम अर्धें झालें असतां यंत्रानें दुसऱ्या कामाला पाळी दिली, त्यानेंहि तिलाच बोलावलें, आणि नवी टीप जुनीवर लिहिली गेली. आतां पहिलें काम परत येईल तें दुसऱ्याच्या घरांत. केंब्रिजच्या यंत्रावर एका वेळीं एकच काम चाले, म्हणून ही अडचण तेथें उद्भवली नाहीं. अनेक कामें एकत्र नांदूं लागतांच नियम करावा लागला कीं, सामायिक मॉड्यूलनें स्वतःवर एक अक्षरहि लिहूं नये. सिस्टिम/३६० च्या रचनेंत याची सोय होती. परतीचा पत्ता यंत्राच्या सोळा हातखणांपैकीं चौदाव्यांत द्यावयाचा. आणि बोलावणारानें आपल्या जवळची ७२ अक्षरांची कोरी जागा दाखवून द्यावयाची, तिचा पत्ता तेराव्यांत. पाहुण्यानें जें लिहावयाचें तें यजमानाच्या पाटीवर लिहावें, स्वतःच्या अंगावर नव्हे. अशा आज्ञावलीला ‘रीएंट्रंट’ म्हणतात. शेंकडों जण तिच्यांत एकाच वेळीं वावरले तरी कोणाचा पाय कोणाच्या पायांत अडकत नाहीं. सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीनेंहि खुणा करूं नयेत, हा नियम पाळणारे वाचक आपल्याकडे विरळाच. यंत्राच्या वाचनालयांत मात्र पुढें त्या पानांवर लिहिण्याची मनाईच केली गेली, आणि तेथें लेखणी टेंकणारें काम तत्क्षणीं बंद पडतें.

१९७४ सालीं एम.व्ही.एस. आलें आणि प्रत्येक कामाला १६ मेगाबाइटांचा आपापला स्वतंत्र वाडा मिळाला. सामायिक विभाग मात्र प्रत्येक वाड्यांत त्याच जागीं दिसे. म्हणजे तो जितका वाढेल तितकी प्रत्येकाची खासगी जागा आक्रसे. सार्वजनिक सोय आणि घरची अडचण यांचें हें भांडण १९८३ सालीं दोन अब्ज अक्षरांपर्यंत पत्ते देण्याची सोय झाली तेव्हां कोठें सैल पडलें.

याच काळांत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत मल्टिक्स नांवाची एक महत्त्वाकांक्षी योजना चालूं होती. तिचा आराखडा १९६५ सालीं जाहीर झाला. तींत तर जोडणी आगाऊ करावयाचीच नाहीं. आज्ञावली चालतां चालतां परक्या नांवापाशीं प्रथम पोंचली कीं यंत्रानें अडावें, नांव शोधावें, पत्ता भरावा आणि पुढें चालूं लागावें, असा बेत होता. बेल प्रयोगशाळेनें १९६९ सालीं ती योजना सोडली, आणि तेथून बाहेर पडलेल्या मंडळींनीं युनिक्स बांधलें तेव्हां ही सोय त्यांनीं प्रारंभीं सोडूनच दिली. युनिक्सच्या घराण्यांत सामायिक ग्रंथालयें १९८० नंतरच्या दशकांत परत आलीं. नवीं म्हणून ज्यांचें स्वागत झालें, त्यांतील बरेंचसें मेनफ्रेमवरील बॅचची मंडळी वीस वर्षें वापरीतच होती.

असो. सोय झाली म्हणून सर्वांनीं ती घेतली असें मात्र नाहीं. धंद्याच्या हिशेबासाठीं १९५९-६० मध्यें सिद्ध झालेल्या कोबॉल भाषेंत दुसऱ्या आज्ञावलीला बोलावण्याचा शब्द एकच आहे, ‘कॉल’. परंतु त्याचे अर्थ दोन होऊं शकतात. एकांत बोलावलेली आज्ञावली आगाऊ जोडून पोटांत घेतली जाते. दुसऱ्यांत ती चालत्या कामांत कपाटांतून आणली जाते. कोबॉलच्या स्वतःच्या घरगुती कामाच्या आज्ञावलींनाहि हीच निवड लागू होती. पुष्कळ कचेऱ्यांनीं पहिला मार्ग पत्करला, आणि त्यांना मूर्ख म्हणतां यावयाचें नाहीं. पोटांत घेतलेला तुकडा कोणाच्या लहरीनें बदलत नाहीं. ज्या रूपांत तपासला त्याच रूपांत तो दहा वर्षें चालतो. कपाटें धुंडाळण्याचा वेळ वांचतो. आणि ८०६ ची धास्ती नाहीं. सामायिक मॉड्यूलचें तसें नाहीं. समजा, व्याज मोजण्याचें एकच मॉड्यूल तीनशें कामें वापरतात. व्याजाचा नियम बदलला कीं एका ठिकाणीं दुरुस्ती केली, आणि त्या रात्रीं तीनशेंहि कामें नव्या नियमानें चाललीं; यासारखें सुख नाहीं. पण दुरुस्ती करणाराच्या हातून चूक झाली असली, तर त्याच रात्रीं तीनशेंहि कामें सारखीच चुकतात, आणि पहांटे दोन वाजतां ज्याला उठवलें जातें तो मनुष्य बहुधा ती चूक करणारा नसतो.

या दोन मार्गांचा खरा हिशेब इसवी सन २००० जवळ येतांना झाला. स्मृति व कार्डावरची जागा वांचविण्यासाठीं जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे ठेवलेले असत, आणि ९९ नंतर ०० आलें कीं वजाबाकी उलटणार, हें उघड होतें. तारखेचा हिशेब जेथें एकाच सामायिक मॉड्यूलमध्यें होता, तेथें तो सुधारून सर्वांना पोंचवितां येई; फायलींतील आंकड्यांचा प्रश्न अर्थात् निराळा. जेथें तोच हिशेब उतरून हजारों आज्ञावलींच्या पोटांत गेला होता, तेथें प्रत्येक पोट उघडून पाहावें लागलें. त्याहून वाईट अवस्था अशी कीं, कित्येक मॉड्यूलें वर्षानुवर्षें चालूं होतीं, पण तीं ज्यावरून झालीं तो मूळ लेख हरवलेला होता. लिहिणारा निवृत्त झालेला, कार्डें वाळवीनें किंवा रद्दीनें नेलेलीं. या कामासाठीं भारतांतून पुष्कळ तरुण मंडळी परदेशीं गेली, आणि कित्येकांनीं तें मुंबई-पुण्यांत बसूनच केलें. आपल्या जन्मापूर्वीं दुसऱ्या खंडांत कोणा अनोळखी माणसानें लिहिलेल्या कोबॉलच्या ओळी वाचून त्याच्या मनांत काय होतें तें ओळखावयाचें, असें तें काम होतें. जुन्या मोडी दफ्तरांत आयुष्य घालविणाऱ्या संशोधकांना त्याची कल्पना चटकन् येईल.

सामायिक ग्रंथालयाच्या मार्गांतहि खांचखळगे होते, आणि ते बहुधा स्टेपलिबच्या कार्डापाशीं असत. नवी दुरुस्ती पारखण्यासाठीं कोणी तरी आपल्या कामांत चांचणीचें ग्रंथालय पुढें लावतो. सार्वजनिक यादीपूर्वीं तें पाहिलें जातें, म्हणून चांचणी होते आणि इतरांना झळ लागत नाहीं. ही सोय उत्तमच. पण चांचणी संपल्यावर तें कार्ड काढावयाचें राहतें. दोन वर्षांनीं सार्वजनिक ग्रंथालयांतील मॉड्यूल पुन्हां सुधारतें. सगळ्यांना नवें मिळतें, आणि या एका कामाला मात्र तें विसरलेलें जुनेंच. काम मोडत नाहीं, ८०६ येत नाहीं. फक्त उत्तर थोडें निराळें येतें. मोडलेल्या कामापेक्षां असें न मोडलेलें काम शोधून काढणें किती तरी कठीण. विशेष अधिकारानें चालणाऱ्या आज्ञावलींसाठीं म्हणूनच आणखी कडक नियम आहे: स्टेपलिबच्या रांगेंत विश्वासाचीं पांच ग्रंथालयें असून सहावें बिनविश्वासाचें असलें, तर सबंध रांगच बिनविश्वासाची ठरते. नासका आंबा बाजूला काढून बाकीची आढी वांचविण्याची मुभा येथें नाहीं.

१९९३ पासून मेनफ्रेमच्या घरांत दुसरें एक कपाट आलें. युनिक्सच्या धर्तीच्या फायली आणि आज्ञावली त्याच यंत्रावर चालाव्यात अशी सोय आय.बी.एम. नें केली, आणि युनिक्सच्या रिवाजाप्रमाणें लांबलचक नांवांचीं, शाखा-उपशाखांत मांडलेलीं सामायिक ग्रंथालयें तेथें आलीं. तीं कोठें शोधावींत हें ‘लिबपाथ’ नांवाच्या निराळ्या यादींत सांगावें लागतें. एकाच घरांत दोन कपाटें, दोन नांव-पद्धति आणि दोन क्रम झाले. बॅचमध्यें चालणाऱ्या, सी भाषेंत लिहिलेल्या आज्ञावलीनें ग्रंथालय मागितलें तर कोणतें कपाट आधीं उघडावें? यावर जो तोडगा निघाला तो जुन्या घरांतील नव्या सुनेच्या स्वैंपाकासारखा आहे. आज्ञावली ‘पॉसिक्स’ म्हणजे युनिक्सचे आचार पाळून चालत असली, तर आधीं युनिक्सचें कपाट. पाळीत नसली, तर आधीं स्टेपलिब, सामायिक विभाग, सार्वजनिक यादी हा सनातन क्रम, आणि तेथें न मिळाल्यास युनिक्सचें. साध्या बॅचच्या कामांत ते आचार बहुधा बंद असतात. हें ज्याला ठाऊक नसतें, तो लिबपाथमध्यें पुनःपुन्हां नवें नांव लिहितो आणि यंत्र पुनःपुन्हां जुन्या कपाटांतील त्याच नांवाची वस्तु आणून देतें.

दोन्ही कपाटांमध्यें ये-जा करण्याचीहि एक वाट ठेवलेली आहे. युनिक्सच्या बाजूच्या फायलीवर ‘स्टिकी बिट’ नांवाची एक खूण करतां येते. ती असली म्हणजे ती फाइल न वाचतां नियंत्रक त्याच नांवाचें मॉड्यूल जुन्या क्रमानें शोधूं लागतो. फाइल तेथें उरते ती नुसत्या पाटीसारखी: पुस्तक पलीकडच्या दालनांत आहे, तेथें विचारावें. नांव मात्र आठ अक्षरांत बसणारें हवें; १९६६ सालच्या अनुक्रमणिकेंत त्याहून मोठी जागा सोडलेली नव्हती.